नऊ-त्रेचाळीस

कुंभार्ली घाट चढून आलेला ट्रक गॅरेजसमोर थांबला की अण्णा ड्रायव्हरला आधी एकच विचारायचे, "कितीचं आहे?" ड्रायव्हर म्हणायचा "सहा-एकेचाळीस", नाहीतर "सात-एकेचाळीस". तेवढ्यावर अण्णांना कळायचं की ही गाडी घाटात दम धरते पण सपाटीवर रडते, की सपाटीवर पळते आणि घाटात ड्रायव्हरचा घाम काढते. शाळा सुटली की कराडच्या त्या गॅरेजात टायरवर बसून मी गृहपाठ करायचे. पिनियनचे दात सहा, क्राउनचे एकेचाळीस. अपूर्णांक मला पुस्तकाआधी तिथे भेटले.

गेल्या हिवाळ्यात मिशिगनमधल्या माझ्या गॅरेजात गाडी चार स्टँडवर चढवलेली, मी खाली आडवी, आणि रंगाच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून अण्णा बघत होते.

"काय गं, कितीचं बसवतीस?"

"नऊ-त्रेचाळीस, अण्णा."

"म्हंजे पावणेपाचच्या वर. आधीचं?"

"दहा-एकेचाळीस."

"चार पॉइंट एक." मग जरा थांबून म्हणाले, "पण तिथं घाट कुठाय?"

मिशिगनचा हा भाग परातीसारखा सपाट आहे. अण्णांचा प्रश्न बिनतोड होता.

गाडी माझी १९९५ सालची मझदा मियाटा. दोन माणसांची, उघड्या छताची, वजनाला हजार किलोच्या आसपास. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ही पहिल्यांदा लोकांपुढे आली आणि दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये खपाचा जागतिक विक्रम तिच्याच नावावर आहे. माझ्या गाडीत १.८ लिटरचं इंजिन आहे, १२८ हॉर्सपॉवरचं. ते गोड आहे, पण उठायला आळशी. त्याचा खरा जोर मिनिटाला पाच हजार फेऱ्यांना येतो. वळणातून बाहेर पडताना काटा तीन हजारांवर असला तर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी "हो, येते" म्हणते आणि चहा पिऊन मग निघते. टर्बो लावणारे लावतात. त्यात पैसा, उष्णता आणि शनिवार-रविवार सगळंच जातं. मला ताकद वाढवायची नव्हती, आहे तीच लवकर हाताला यायला हवी होती.

त्यासाठी गाडीच्या मागच्या पोटात जावं लागतं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढी लोखंडी पेटी असते, आपले मेकॅनिक तिला हाउसिंग म्हणतात. आत दोन वेगळी कामं चालतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिलं काम डिफरेन्शियलचं. शाळेच्या कवायतीत रांग वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्याला पळावं लागतं, तसंच वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. बैलगाडीला ही अडचण नाही, तिची दोन्ही चाकं आपापली सुटी फिरतात. इंजिनाला मात्र दोन्ही चाकं ओढायची असतात आणि त्यांना वेगवेगळं फिरूही द्यायचं असतं. ती तडजोड स्टार-पिनियन नावाची छोटी दातेरी चाकं करतात. ओनेझिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी ही युक्ती काढली. त्या कामाला मी हात लावला नाही.

दुसरं काम क्राउन-पिनियनचं. गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला छोटं दातेरी पिनियन, त्याला काटकोनात भिडलेलं ताटासारखं क्राउन. पिनियनला १० दात आणि क्राउनला ४१ असतील तर चाकाच्या एका फेरीला शाफ्टने ४.१ फेऱ्या मारायच्या. पिनियनला ९ आणि क्राउनला ४३ असतील तर ४.७८ फेऱ्या. फेऱ्या वाढल्या की चाकावरचा पीळ त्याच हिशेबाने वाढतो. माझं इंजिन फार तर १४९ न्यूटन मीटर पीळ देतं. दुसऱ्या गिअरचं प्रमाण १.८८८, त्याला ४.१ ने गुणलं की मागच्या चाकांपाशी साधारण ११५० होतात. ४.७८ ने गुणलं की १३४० च्या वर. घर्षणात थोडं गळतं, तरी सोळा-सतरा टक्के जोर इंजिन न उघडता हातात येतो. फुकट नाही मिळत, त्याचं बिल हायवेवर येतं. त्याबद्दल पुढे.

हा नऊ-त्रेचाळीस जोड किआच्या जुन्या स्पोर्टेज जीपचा. किआची पहिली स्पोर्टेज १९९३ साली आली ती मझदाचे भाग घेऊनच, त्यामुळे तिचं क्राउन-पिनियन माझ्या गाडीच्या सात इंची हाउसिंगमध्ये चालतं. आधीच्या १.६ लिटरच्या मियाटांना सहा इंची क्राउन होतं, त्यात नाही बसत. चिखलातून जीप ओढायला केलेले दात स्पोर्ट्स कारला चपळ करतात याची मला भारी गंमत वाटते.

उतरवण्याचं काम कष्टाचं आहे, बुद्धीचं नाही. एक नियम मात्र पाळायचा. तेल काढायच्या आधी भरायचं बूच सुटतंय का ते बघायचं. खालचं बूच काढून लिटरभर तेल सांडलं आणि वरचं गंजून बसलेलं निघालं, तर गाडी धड चालवता येत नाही, धड उघडता येत नाही. मग सायलेन्सरचा पाइप, प्रॉपेलर शाफ्टचे चार बोल्ट, आणि गिअरबॉक्सपासून हाउसिंगपर्यंत गेलेली अ‍ॅल्युमिनियमची लांब चौकट. ही चौकट सोडताना गिअरबॉक्सखाली जॅक लावला नाही तर गिअरबॉक्स मान टाकतो. हाउसिंगच्या मागच्या झाकणाला दोन्हीकडे लांब हात असतात, पिळदार मिशांसारखे. त्या मिशांवरच ते गाडीला टांगलेलं असतं.

एक्सल काढायला चाक ज्यावर बसतं तो नकल बाहेर झुकवावा लागतो, आणि त्याच्या तळातून आरपार गेलेला एक लांब बोल्ट आहे. इथे रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. पंचवीस हिवाळ्यांचं मीठ त्या बोल्टच्या नळीत जमलं होतं. गंज सोडवायचं तेल, टॉर्चची आच, पुन्हा तेल, हातोडा. दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी तो 'टण्ण' करून जरासा हलला, तेव्हा माझा बारा वर्षांचा मुलगा घरातून धावत आला. त्याला वाटलं आईने काहीतरी तोडलं.

खरी परीक्षा पुढे होती. मी आधी शहाणपणा करून जास्तीचं एक हाउसिंग भंगारवाड्यातून आणलं आणि नवीन दात बसवायला ते एका दुकानात दिलं. त्यांनी बसवून दिलं, मी गाडीत चढवलं, आणि ताशी ४५ मैलांवर पाय उचलला की मागून सनईचा षड्ज लागायचा. मुलगा म्हणाला, आई, गाडी गाते. मी फोन मागच्या सीटपाशी धरून आवाज अण्णांना ऐकवला. ते म्हणाले, "पाय उचलल्यावर ओरडतंय म्हंजे दाताची मागली बाजू नीट लागत न्हाई. खाली घे. स्वतः कर."

मी खाली घेतलं. त्या दुकानात परत गेले नाही, भांडण करायला वेळ लागतो आणि मला गाडी हवी होती.

या पेटीत बाहेरून न दिसणारी मापं असतात. पिनियन किती आत बसलंय हे त्याच्या डोक्यामागच्या शिमने, म्हणजे पातळ चकतीने, ठरतं. क्राउन किती डावं-उजवं हे दोन्ही बाजूंच्या चुडीदार रिंगांनी. दोघांच्या दातांमध्ये सूक्ष्म ढिलाई लागते, माझ्या गाडीला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. त्याहून घट्ट केलं तर दात तापून खातात, ढिलं ठेवलं तर आपटतात. आणि पिनियनच्या बेअरिंगांमध्ये एक पत्र्याची नळी असते, ती नट आवळताना हळूहळू चेपत न्यायची. पिनियन हाताने फिरवताना ठराविक जडपणा आला की थांबायचं. पुढे गेलात तर मागे येणं नाही, नवी नळी घालायची. माझी पहिली नळी वाया गेली. दुसऱ्या वेळी मी नट एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढा फिरवत होते.

मग दात कसे भिडतात ते बघायचं. अण्णा त्यासाठी शेंदूर वापरत. कराडच्या गॅरेजात शनिवारी मारुतीला जायचा तोच शेंदूर आठवडाभर क्राउनला लागायचा. तेलात कालवून चार-पाच दातांना फासायचा, पिनियन फिरवायचं, आणि जिथे दात घासला तिथला शेंदूर निघून खालचं लोखंड चमकायचं. शिसं असल्यामुळे तो विषारी, इथे मला पिवळी पेस्ट मिळाली. अण्णा मात्र शेवटपर्यंत तिला शेंदूरच म्हणत होते. "शेंदूर दाव. जवळ धर. उजेड कर." चट्टा दाताच्या टोकाकडे सरकलेला दिसला. म्हणजे पिनियन क्राउनपासून लांब, मागे जाड शिम हवी. जाड शिम घालायची तर बेअरिंग पुन्हा प्रेसवर काढायचं. चार वेळा काढलं-घातलं. पाचव्या वेळी चट्टा दाताच्या मधोमध, लांबट, चिंचोक्यासारखा आला. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त आईला हाक मारून म्हणाले, "ये, बघ हिचं." ती पोळ्या टाकून आली असावी, हाताला पीठ होतं.

नव्या दातांना सुरुवातीला सांभाळून घ्यावं लागतं. पंधरा-वीस मिनिटं हळू चालवायची, गार होऊ द्यायची, पुन्हा चालवायची. पहिल्याच फेरीत शेजाऱ्याने मला हळू जायची खूण केली, आणि मीही दचकले, कारण काटा सत्तरवर होता. खरा वेग साठ. या गाडीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते, त्याला बिचाऱ्याला मागे दात बदलल्याचं कोण सांगणार? प्लास्टिकचं छोटं गिअर बदलून थोडा फरक भरून निघतो, सगळा नाही. मी सातवा हिस्सा मनात वजा करते. ओडोमीटरही तसाच फुगतोय. गाडी विकायला काढली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे कापले जातील.

आता कागदावरची गोष्ट. ही गाडी जलद झाली का? अमेरिकेत गाडीची लायकी शून्यापासून साठ मैलांपर्यंत किती सेकंदांत जाते यावर ठरवतात. आधी माझी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सात हजार फेऱ्यांना एकसष्ट मैलांपर्यंत जायची, म्हणजे साठ गाठायला एकदाच गिअर बदलला की भागायचं. आता दुसरा गिअर साडेबावन्नलाच संपतो. तिसरा टाकावा लागतो आणि त्यात वेळ जातो. घड्याळ लावलं तर या खटाटोपाचा फायदा फारसा दिसायचा नाही. ज्याला आकडा हवा त्याने हे करू नये.

मला दुसरं हवं होतं, आणि अण्णांच्या प्रश्नाचं उत्तरही द्यायचं होतं. मे महिन्यात मुलाला घेऊन मी टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवरच्या डील्स गॅपला गेले. तिथल्या रस्त्याला ड्रॅगनची शेपटी म्हणतात, ११ मैलांत ३१८ वळणं. जायला आख्खा दिवस लागला आणि तिथेच बिल आलं. सत्तर मैलांच्या वेगाला पाचव्या गिअरमध्ये इंजिन पूर्वी साडेतीन हजारांच्या आत असायचं, आता चार हजारांवर. कापडी छताखाली तासन्‌तास चार हजार म्हणजे पिठाच्या गिरणीत बसून प्रवास. ओहायो संपेपर्यंत मुलाने कानात बोळे घातले. पेट्रोलही जास्त प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी छत उघडून शेपटीवर निघालो. तिथे वेगमर्यादा तीस मैल. दुसरा गिअर, आणि तीस मैलांना काटा कितीवर असेल? त्याच चार हजारांवर. पूर्वी इथे तो साडेतीनच्या खाली लोळत असता. वळणाच्या पोटात असताना पाय नुसता टेकवला तरी गाडी मागून ढकलल्यासारखी उठत होती, पाय उचलला की आपोआप बसत होती, ब्रेकला पाय न लावता. आवाज काहीच नाही, चट्टा मधोमध होता. चाळीस-पन्नास वळणांनंतर मुलगा मोजायचं विसरला.

खिंडीच्या टोकाला थांबून अण्णांना फोन लावला, कराडला रात्र झाली होती. कॅमेरा फिरवून रस्ता दाखवला.

"घाट हाय की," अण्णा म्हणाले. "आणि परत कसं जाणार?"

"तसंच, अण्णा. चार हजारांवर."

"पोराला कानात घालायला कापूस दे," म्हणाले, आणि मग मुलाला फोनवर बोलावून विचारलं, "काय रे, कितीचं आहे?"

मुलाने सांगितलं.