टोकियो किती दूर?

शाळेच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यावर फिनलंडची राजधानी हेलसिंकी व जपानची राजधानी टोकियो शोधून काढावी आणि पट्टी ठेवून ती सरळ रेघेने जोडावी. ही रेघ कझाकस्तान व मंगोलिया यांवरून खाली उतरत जाते. विमानही याच वाटेने जात असेल, असे कोणासही वाटेल. परंतु वस्तुस्थिती निराळी आहे.

आता पृथ्वीचा गोल घ्यावा आणि याच दोन शहरांवर एक दोरा ताणून धरावा. दोरा प्रथम उत्तरेकडे चढतो, उरल पर्वतापाशी आर्क्टिक वृत्त किंचित ओलांडतो आणि मग सायबेरियावरून जपानकडे उतरतो. गोलावरील सर्वांत जवळची वाट ती हीच. पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा हा तुकडा होय. मर्केटरने १५६९ साली आपला प्रसिद्ध नकाशा खलाशांना दिशा धरता यावी म्हणून काढला. त्यात ध्रुवांजवळचे प्रदेश ताणले गेले, आणि जवळची वाट वाकडी दिसू लागली.

अंतर काढण्याची रीत सोपी आहे. या दोन शहरांमध्ये पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे ७० अंश २० कलांचा कोन होतो. एका कलेस एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर. ४,२२० कलांचे झाले सुमारे ७,८०० किलोमीटर. नकाशावरील सरळ रेघेने गेल्यास सुमारे नऊशे किलोमीटर अधिक पडतात.

परंतु दोऱ्याला सरहद्दी नसतात, विमानाला असतात. सोव्हिएत संघाने आपले आकाश परक्या विमानांना मोकळे ठेवले नव्हते. म्हणून १९५७ साली स्कँडिनेव्हियन कंपनीने कोपनहेगनहून टोकियोस जाणारा मार्ग उत्तर ध्रुवाच्या बाजूने, अलास्कातील अँकरेजला थांबून, सुरू केला. १९८३ साली फिनएअर या कंपनीचे विमान हेलसिंकीहून ध्रुवावरून न थांबता टोकियोस जाऊ लागले. पुढे सायबेरियाची वाट खुली झाली, प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला, आणि लहानशा फिनलंडची राजधानी युरोप व पूर्व आशिया यांमधील एक मोठे नाके बनली.

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय देशांनी रशियन विमानांना आपले आकाश बंद केले. रशियानेही तेच केले. मार्च महिन्यात फिनएअरची विमाने पुन्हा ध्रुवाकडे वळली. ध्रुवावरून बेरिंगच्या सामुद्रधुनीकडे व तेथून जपानकडे, अशी ही वाट साडेदहा हजार किलोमीटरांहून लांब आहे. प्रवासास सुमारे तेरा तास लागू लागले. लांब पल्ल्यासाठी इंधन अधिक भरावे लागते; इंधनाचे वजन वाढले की माल कमी नेता येतो, आणि खर्च मात्र वाढतो.

पृथ्वी तसूभरही वाढली नव्हती. तरीही शेजाऱ्यांचे भांडण झाले आणि टोकियो साडेतीन तास दूर गेले. म्हणून मुलांना गोलावर दोऱ्याने अंतर अवश्य मोजू द्यावे. पण हा दोरा कोणाकोणाच्या आकाशातून जातो, हेही त्यांना विचारावे.