पाळी थांबली म्हणजे पोटात रक्त साठलं का? अंतरा, छाया, तांबी शरीरात काय करतात

परभणी : दिवाळी झाली की गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर भागातल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी चढतात, पण ‘अंतरा’चं कार्ड घरातल्या पेटीत राहिलं तर फेब्रुवारीतला डोस हुकतो, आणि गावी परत येईपर्यंत दिवस गेलेले असू शकतात.

‘अंतरा’ म्हणजे दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. ‘छाया’ गोळीसोबत ते २०१७ मध्ये सरकारी दवाखान्यांत मोफत सुरू झालं.

बाईच्या बीजकोषातून दर महिन्याला एक बीज सुटतं. ते सोडायचा हुकूम मेंदूकडून येतो. इंजेक्शनातलं हार्मोन हा हुकूमच थांबवतं. शिवाय गर्भपिशवीच्या तोंडाचा चिकट स्राव घट्ट होतो, पुरुषबीजाला आत शिरता येत नाही. पिशवीचं आतलं अस्तरही पातळ राहतं.

गैरसमज होतो तो इथंच. पाळीत बाहेर पडतं ते हेच अस्तर. ते वाढलंच नाही तर पडणार काय? म्हणून सुरुवातीला अधूनमधून डाग दिसतात, पाळी मागंपुढं होते आणि पुढं अनेकींची थांबतेच. ‘रक्त आत साठतंय, गाठ होईल’ या भीतीनं इंजेक्शन सोडू नये. साठायला रक्त तयारच झालेलं नसतं. इंजेक्शन बंद केल्यावर पाळी परत येते; मात्र शेवटच्या डोसापासून दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात. लवकरच मूल हवं असेल तर हे आधी ध्यानात घ्यावं.

आता तारखेचा हिशोब. १० नोव्हेंबरला डोस घेतला तर पुढचा १० फेब्रुवारीला. तो दोन आठवडे आधी किंवा फार तर चार आठवडे उशिरा चालतो. कार्ड सोबत असलं की कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात डोस विचारता येतो. चार आठवड्यांच्या वर गेलं तर आधी लघवीची तपासणी करावी, तोवर निरोध वापरावा. सुई घेतलेली जागा चोळू नये, शेकूही नये.

‘छाया’त हार्मोन नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत ही गोळी तयार झाली. तिच्यामुळं पिशवीचं अस्तर गर्भ रुजण्याजोगं होत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. नंतर आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते. पाळी लांबू शकते, पण पंधरा दिवसांच्या वर लांबली तर तपासणी करावी.

‘माला-एन’ मात्र रोज घ्यायची. पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असून अंगावर पीत असेल किंवा बीपी वाढलेलं असेल, तर ही गोळी घेऊ नये.

आणि तांबी, म्हणजे कॉपर-टी. ती पिशवीत बसते. तिच्या तांब्यामुळं पुरुषबीज निकामी होतं. तांबी छातीत चढते, ही नुसती ऐकीव गोष्ट. पिशवीतून छातीकडं वाट नाही. ‘३८० ए’ दहा वर्षं चालते, ‘३७५’ पाच वर्षं. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, नाहीतर सहा आठवड्यांनी. पहिले दोन-तीन महिने अंगावरून जास्त जातं, कळाही येतात. पण ताप, घाण वासाचा स्राव किंवा असह्य पोटदुखी असेल, दोरा हाताला लागेनासा झाला असेल तर लगेच दवाखाना गाठावा. काढली की दिवस राहू शकतात, वाट बघावी लागत नाही.

एचआयव्ही आणि गुप्तरोगांपासून यातलं काहीच वाचवत नाही, त्याला निरोधच लागतो. कोणतं साधन कुणाला चालेल हे उपकेंद्रातल्या सिस्टर किंवा डॉक्टर तपासून सांगतात. यातल्या कशालाही नवऱ्याची सही लागत नाही.