बोएनसाहेबांची चाळीस वर्षे

धर्मप्रसारकाच्या यशाची मोजदाद बाप्तिस्म्याच्या नोंदवहीवरूनच करावयाची, तर १८४८ च्या जानेवारीत मुंबई बंदरात उतरलेल्या, १८८८ च्या फेब्रुवारीत त्याच शहरी देह ठेवलेल्या आणि मधल्या चाळीस वर्षांत मायदेशी एकदाही न फिरकलेल्या जॉर्ज बोएन या अमेरिकन मिशनऱ्याच्या नावे जवळजवळ काहीच जमा दाखविता येणार नाही. असे असूनही हा मनुष्य अखेरपर्यंत खचला कसा नाही, याचे उत्तर मला त्यांच्या पूर्वायुष्यात सापडते.

१८१६ साली व्हरमाँट प्रांतात जन्मलेले बोएन तरुणपणी सुमारे दशकभर कडवे अश्रद्ध होते. युरोपचा प्रवास झालेला, भाषा अनेक अवगत, आणि पाद्र्यांच्या प्रवचनांविषयी मनात केवळ तुच्छता. १८४४ साली त्यांची वाग्दत्त वधू निवर्तली. मरणापूर्वी तिने आपले बायबल त्यांच्यासाठी ठेवले आणि ते रोज वाचावे एवढीच विनंती केली. पुढे ग्रंथालयातून मागविलेल्या पुस्तकाऐवजी पेली या धर्मशास्त्र्याचा ख्रिस्ती धर्माच्या पुराव्यांवरील ग्रंथ नजरचुकीने त्यांच्या हाती पडला. परत धाडण्यापूर्वी त्यांनी तो चाळला आणि चाळता चाळता वाचून काढला. उपदेशाने जे साधले नव्हते ते असे आडवाटेने साधले. नकार देणाऱ्याचे मन आतून कसे असते, हे ज्याने स्वतः अनुभविले, त्याला समोरच्याच्या नकाराचा राग येईल कशाला?

मुंबईत आल्यावर वर्षभरातच त्यांच्या ध्यानी आले की, मिशनकडून नेमणूक घेणाऱ्या, बंगल्यात राहणाऱ्या गोऱ्या साहेबाने वैराग्याच्या गोष्टी सांगाव्यात आणि लोकांनी त्या खऱ्या मानाव्यात, हे घडणे कठीण. त्यांनी मिशनचे वेतन सोडले, देशी वस्तीत बिऱ्हाड केले आणि शिकवणीच्या अल्प प्राप्तीवर ते गुजराण करू लागले. रस्त्याच्या कडेला उभे राहून मराठीत शुभवर्तमान सांगण्याचा त्यांचा परिपाठ वर्षानुवर्षे चालला. माणसे जमत, कोणी शंका विचारी, कोणी टवाळी करी, आणि बाजाराची वेळ झाली की सारे पांगत.

परंतु केवळ साधेपणाने सुटावा असा हा गुंता नव्हता. धर्मांतर म्हणजे त्या काळी घर, पंगत आणि जात यांना एकदम मुकणे होते. १८४३ साली श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलास मिशनऱ्यांकडून परत मिळविण्यासाठी बापाला न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि पुढे त्या मुलाच्या शुद्धीसाठी बाळशास्त्री जांभेकरांना स्वजातीचा रोष पत्करावा लागला, यावरून प्रकरण किती नाजूक होते ते दिसते. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क शाबूत राखला खरा, पण सरकारी कायद्याने हिस्सा मिळतो, पंगतीतला पाट मिळत नाही. शिवाय परक्या राज्यकर्त्यांच्या वर्णाचा माणूस आपल्या देवतांना खोटे ठरवितो, ही सल श्रोत्यांच्या मनात असणारच. ती अगदीच गैरवाजवी होती असे निदान मला म्हणवत नाही.

या नकाराला समर्थ वाणी मिळाली ती विष्णुबावा ब्रह्मचारी यांच्या रूपाने. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनारी बावांनी मिशनऱ्यांशी जाहीर वाद मांडला आणि त्यात बोएन हे प्रतिपक्षाचे प्रमुख होते. एकीकडे वेदोक्त धर्माचा अभिमानी संन्यस्त वृत्तीचा कोकणस्थ, दुसरीकडे वेतन सोडून फकिरी पत्करलेला अमेरिकन. दोघेही निःसंग, दोघेही हट्टी. बोएन यांनी त्याच वर्षी या वादाचा वृत्तांत इंग्रजीत छापून काढला. तो अर्थात आपल्या बाजूने लिहिलेला आहे. तरी बावांचे आक्षेप त्यांना त्यात नोंदवावे लागले. जय कोणाचा झाला हे ज्याने त्याने आपल्या पक्षाप्रमाणे ठरविले. बावांमागे मात्र माणसे गेली, बोएन यांच्यामागे फारशी नाहीत.

तरी उपदेश थांबला नाही. त्याच्या जोडीला ‘बॉम्बे गार्डियन’ या साप्ताहिकाचे संपादन त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ केले आणि त्यांच्या लेखणीतून उतरलेल्या चिंतनांची पुस्तके झाली. गंमत अशी की, ज्यांच्यासाठी मराठी आत्मसात केली त्या मुंबईकरांनी या गृहस्थास सभ्यपणे दूर ठेवले, आणि त्यांच्या इंग्रजी लेखनाला वाचक लाभला तो ज्या देशाकडे त्यांनी पाठ फिरविली होती त्या अमेरिकेत; रॉबर्ट स्पीअर यांनी त्यांचे सविस्तर चरित्र लिहिले तेही तेथेच, त्यांच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी, १९३८ साली.