रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची

छत्रपति संभाजीनगराहून जालन्याच्या हमरस्त्यानें निघालें म्हणजे थोड्याच वेळांत शेंद्रा लागतें. एके काळच्या शेतांच्या जागीं आज तेथें कारखाने उभे आहेत. मध्यंतरीं आमचा एक जुना विद्यार्थी आपला लहानसा कारखाना दाखवावयास आम्हांस तेथें घेऊन गेला. त्याचा माल न्हावाशेव्याच्या बंदरीं जातो. करमाडचें स्टेशन जवळ असतां माल ट्रकनें कां धाडतोस, असें आम्हीं सहज विचारलें. तो म्हणाला, "गुरुजी, रूळ जवळ आहेत, पण त्यांवर जागा कोणास, केव्हां व काय भावानें मिळावी, हें ठरविणारा दुसराच आहे." या उत्तरानें आम्हांस विचारांत पाडलें, तो विचार वाचकांपुढें ठेवितों.

हा लोहमार्ग निजामाच्या राज्यांत 1900 च्या सुमारास झाला. त्याचे रूळ मीटर गेजचे आणि मनमाडापुढील मुंबईचे रूळ रुंद. त्यामुळें मनमाडास प्रत्येक डाग एका गाडींतून उतरवून दुसरींत भरावा लागे. 1990 नंतरच्या दशकांत हा मार्ग रुंद झाला व ती अडचण सरली. रूळ जुळले, परंतु त्या रुळांवर परक्याची गाडी चालावी कीं नाहीं, हा प्रश्न पुढें उभा राहिला.

2006 सालीं सरकारनें कंटेनरच्या गाड्या चालविण्याची मुभा खासगी कंपन्यांस दिली. न्हावाशेव्याच्या मार्गासह सर्व देशभरच्या परवान्यास 50 कोटि रुपये, कांहीं ठराविक मार्गांच्या परवान्यास 10 कोटि. वाघिणी कंपनीनें आणावयाच्या; इंजिन, चालक व रूळ रेल्वेचे, आणि त्यांबद्दल वाहणावळ भरावयाची. ही वाहणावळ ठरविते कोण? रेल्वेच. याच धंद्यांतील सर्वांत मोठ्या कंपनीची, 1988 सालीं स्थापन झालेल्या कॉन्कॉरची, निम्म्याहून अधिक मालकी कोणाची? रेल्वे मंत्रालयाचीच. म्हणजे वाटेचा धनी, त्या वाटेवरचा गाडीवान आणि भाडें ठरविणारा, तिघेही एकाच घरचे!

कायद्यास हें अगदींच ठाऊक नव्हतें असें नाहीं. पक्षपात न करतां माल स्वीकारावा व पुढें धाडावा, असें बंधन 1890 च्या कायद्यांतच होतें. 1949 सालीं दरांच्या तक्रारींसाठीं वेगळें न्यायाधिकरण झालें. तें 2017 सालीं रेल्वेच्या नुकसानभरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणांत विलीन करण्यांत आलें. 2012 सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें रेल्वेसही स्पर्धेचा कायदा लागू आहे असें ठरविलें. बिबेक देबरॉय यांच्या समितीनें 2015 सालीं स्वतंत्र नियामक सुचविला. परंतु 2017 सालीं मंत्रिमंडळानें ज्या प्राधिकरणास संमति दिली, त्यास शिफारशी करण्यापुरताच अधिकार योजिला होता. युरोपांत 1991 पासूनच रुळांचा हिशेब व गाड्यांचा हिशेब वेगळा ठेवण्याचा दंडक आहे.

रेल्वेची बाजूही ऐकिली पाहिजे. मालगाडीच्या उत्पन्नांतूनच गरीब उतारूंचें तिकीट स्वस्त राहतें. किफायतीचा माल परक्यांनीं उचलला आणि तोट्याचा तेवढा रेल्वेकडे उरला, तर तो भार अखेर त्या उतारूवरच पडेल. हें भय खोटें नाहीं. पण त्यावरचा उपाय उतारूंच्या सवलतीचा खर्च उघड लिहून दाखविणें हा आहे; परक्याच्या गाडीच्या भाड्यांत तो झांकून ठेवणें हा नव्हे.

शेंद्र्याच्या शेजारचें पैठण. दोन हजार वर्षांपूर्वीं तेथील माल बिकट वाटांनीं गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास जात असे. कौटिल्यानें सीमेवरील अंतपाल नांवाच्या अधिकाऱ्यास मालाच्या गाडीमागें सवा पण पथकर घेण्याचा अधिकार दिला. परंतु वाटेंत माल नाहींसा झाला अगर चोरीस गेला, तर त्याची भरपाईही त्याच्याच माथीं मारली. कर घेणाऱ्यानें जबाबदार असावें, ही नीति आमच्या पूर्वजांनीं साध्या बैलगाडीस लावली होती.

आगगाडीस ती लावण्यास एक त्रयस्थ पंच पुरे आहे. त्यानें जागा व भाव यांचा निवाडा करावा, आणि तो रेल्वे व व्यापारी दोघांवरही बंधनकारक असावा. तसा पंच लाभला, तर आमच्या विद्यार्थ्यास त्याचें उत्तर मिळेल. तोंवर त्याचा माल जालन्याच्या हमरस्त्यानें ट्रकांतून जातच राहील.