वाळवंटांतील मोटार

सडकेवर मोटार बिघडली तर खोळंबा होतो. वाळवंटांत बिघडली तर प्राणाशीं गांठ पडते. हें ओळखूनच ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅग्नोल्ड यांनीं १९२९ पासून लिबियाच्या वाळवंटांत फोर्ड मोटारी नेल्या. रेडिएटरची वाफ ते नळीनें बाजूच्या पाण्याच्या डब्यांत सोडीत. तिचें पाणी होई व इंजिन निवलें कीं तें आपोआप परत ओढलें जाई. चाकें रुतल्यास त्यांखालीं पोलादी पन्हळी सारीत. मोटारीहि एकाहून अधिक असत. एक निकामी झाली तरी माणसें दुसरींतून परतत. आपल्या घरचे तरुण लडाखच्या आडवाटांना निघाले, तर वडीलधाऱ्यांनीं दोनच प्रश्न विचारावे, असें आम्हांस वाटतें: पाणी पुरेसें घेतलें ना? आणि सोबतीला दुसरी मोटार आहे ना?