हृद्द्रव, भीती आणि विचार : बोधनिक चिकित्सेतील काही संकल्पना

प्रत्येक वैद्याच्या चिकित्सालयात असा एक रुग्ण असतोच. छातीत एकाएकी धडधड होते, श्वास कोंडतो, हातापायांना मुंग्या येतात, आता आपले काही खरे नाही असे वाटते. हृदयरोगतज्ज्ञांकडील सर्व तपासण्या मात्र निर्दोष असतात. आपण नाडी पाहतो, हृद्द्रव व वातप्रकोप यांचा विचार करून औषध योजतो आणि निरोप देताना म्हणतो, ‘काळजी करू नका, तुम्हाला काही झालेले नाही.’ रुग्ण समाधानाने घरी जातो व पंधरा दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतो.

हे वाक्य मी कित्येक वर्षे उच्चारले. ते निष्फळ का ठरते, याचा उलगडा बोधनिक मानसशास्त्राचा परिचय झाल्यावरच झाला.

या चिकित्सेचे एक प्रवर्तक डॉ. ॲरन बेक (१९२१-२०२१) हे फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ. मुळात ते मनोविश्लेषण परंपरेतले. त्यांनी सांगितलेला एक प्रसंग उद्बोधक आहे. एक रुग्णा आपल्या खाजगी आयुष्याविषयी बोलत होती व बोलताना अस्वस्थ होत होती. विषयच तसा असल्यामुळे ही अस्वस्थता असावी, असा बेक यांचा तर्क. प्रत्यक्षात तिच्या मनात वेगळेच चालले होते : आपल्या बोलण्याने डॉक्टर कंटाळले तर नाहीत ना? उघड बोलण्याच्या तळाशी असा दुसरा विचारप्रवाह सतत वाहत असतो, तो रुग्ण आपण होऊन सांगत नाही आणि भावना त्याच्याच मागे जातात, हे बेक यांच्या ध्यानी आले. यांनाच त्यांनी ‘स्वयंचलित विचार’ म्हटले. नैराश्याच्या रुग्णांत हे विचार स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी अशा तीन दिशांनी काळवंडलेले असतात. त्यांच्याही खाली बालपणापासून घट्ट झालेल्या मूलधारणा असतात. एका अपयशावरून सर्वस्वाचा निर्णय करणे, दुसऱ्याच्या मनातले आपल्याला कळते असे मानणे, किरकोळ गोष्टीतून सर्वनाश पाहणे, हे विचारदोष तर आपणा सर्वांच्याच परिचयाचे आहेत. वैद्यही त्यांतून सुटलेले नाहीत.

न्यूयॉर्कचे डॉ. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास स्वतंत्रपणे हीच दिशा धरली होती. घटना भावना घडवीत नाही, घटनेविषयीची धारणा ती घडविते, हे त्यांचे प्रतिपादन. महाराष्ट्रात ही पद्धत ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावाने रुजविण्याचे श्रेय कि. मो. फडके यांच्याकडे जाते.

आता पुन्हा धडधडीकडे वळू. ऑक्सफर्ड येथील डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली भीतीच्या झटक्याची जी मीमांसा मांडली, ती प्रत्येक वैद्याने अभ्यासावी अशी आहे. जिना चढल्याने, चहाने वा जागरणाने हृदयाची गती किंचित वाढते. रुग्ण तिचा अर्थ ‘हृदयविकाराचा झटका’ असा लावतो. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने गती व श्वास आणखी वाढतात. जलद श्वसनाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून मुंग्या व चक्कर येते आणि रुग्णाला आपल्या निष्कर्षाचा नवा पुरावा मिळतो. लक्षण, अर्थ, भीती, पुन्हा लक्षण असे हे चक्र आहे. आपण लक्षणावर औषध देतो. अर्थाला कोणी हात लावीत नाही.

माझ्याकडील एका शिक्षकांचे उदाहरण देतो. ओळख पटू नये इतपत तपशील बदलला आहे. ते ब्राह्मीवटीची डबी सदैव खिशात बाळगीत. झटका आला की एक गोळी, आणि दहा मिनिटांत आराम. परिचयाच्या औषधविक्रेत्यांनी एकदा सहज सांगितले, ‘हे सर पहिली डबी अर्धीही संपण्याआधी दुसरी नेतात.’ त्या एका वाक्याने मला जे दाखविले, ते माझ्या नोंदवहीने दाखविले नव्हते. भीतीचा झटका बहुधा काही मिनिटांत आपोआप ओसरतो. श्रेय मात्र डबीला मिळते. ‘गोळी होती म्हणून वाचलो’ हा समज दृढ होतो व मूळ भीती कधीच तपासली जात नाही. बोधनिक चिकित्सेत याला सुरक्षा-वर्तन म्हणतात. औषध उत्तम असूनही त्याचा असा उपयोग होऊ शकतो, हे आपल्या औषधविक्रेत्या बंधूंनी अवश्य लक्षात घ्यावे. गिऱ्हाईक वारंवार तेच औषध, संपण्यापूर्वीच, घाबऱ्या चेहऱ्याने नेत असेल तर वैद्यांना तसे कळवावे. विक्री थोडी घटेल, हे खरे.

मी सरांना विचारले, ‘धडधड सुरू झाली त्या क्षणी मनात काय आले?’ ते म्हणाले, ‘भीती.’ ‘भीती ही भावना झाली, सर. वाक्य कोणते आले?’ बऱ्याच वेळाने उत्तर आले, ‘वडिलांसारखा मीही झोपेतून उठणार नाही.’ चार वर्षांच्या उपचारात हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो.

पुढे एक वही केली. प्रसंग, विचार, त्यावरील विश्वास शंभरपैकी किती, बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा. विचार खोटा आहे असे मी सांगितले नाही. तो तपासायचा आहे एवढेच सांगितले. उपदेश आणि चिकित्सा यांतील भेद तो हाच. इसीजी, थायरॉइड व रक्ताच्या तपासण्या पाहून, हृद्रोग, श्वास, अपस्मार नाहीत याची खात्री करून, चिकित्सालयातच दोन मिनिटे जलद श्वास घेण्यास सांगितले. मुंग्या आल्या, चक्कर आली. ‘हे तेच आहे,’ असे ते स्वतःच म्हणाले.

‘हे तर चरकाचार्यांनी सांगितलेच आहे’, असा उद्गार आपल्या परिसंवादांत हमखास निघतो. त्यात तथ्य आहे. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीला सत्वावजय चिकित्सा सांगितली आहे. चिन्त्य, विचार्य, ऊह्य हे मनाचे विषय मानले आहेत. धी, धृती, स्मृती यांच्या भ्रंशातून प्रज्ञापराध वर्णिला आहे. तथापि मनाला अहितकर विषयांपासून परावृत्त करावे हे सूत्र झाले. दुसऱ्या भेटीत रुग्णाला कोणता प्रश्न विचारावा, सुधारणा कशी मोजावी, याची तपशीलवार पद्धती आपण त्या सूत्रावरून उभारली नाही. बेक यांच्या गटाने ती उभारली आणि पणाला लावली. १९७७ साली नैराश्यावर या चिकित्सेची इमिप्रामिन या औषधाशी तुलना प्रसिद्ध झाली. तीत ही चिकित्सा सरस ठरली. पुढील अभ्यासांत ते श्रेष्ठत्व तितके ठळक राहिले नाही, परिणामकारकता मात्र टिकली. वारशाचा अभिमान बाळगताना हा हिशेबही मांडावयास हवा.

मर्यादाही स्पष्ट असाव्यात. आत्मघाताचे विचार, भ्रम, उन्माद किंवा अन्न-निद्रा तुटलेले तीव्र नैराश्य दिसल्यास वहीचा प्रयोग न करता रुग्णास त्वरित मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. २०२२ पासून कार्यरत असलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक औषधालयाच्या दर्शनी भागी लावता येईल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग या विषयाच्या पदव्युत्तर वैद्यांना मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. अशा वैद्यांचेही साहाय्य घ्यावे.

सरांचे झटके आता क्वचित येतात. शाळेत जाताना ते डबी घरी ठेवतात. घाटातून एस.टी. ने जायचे असले की मात्र ती खिशात असते, असे मागील भेटीत त्यांनीच हसत सांगितले. पुढच्या सुट्टीत ती पिशवीच्या तळाशी ठेवून पाहायची, असे आमचे ठरले आहे.