शरदाचे रंग : न्यू इंग्लंडच्या रस्त्यांवर

शरद् ऋतु म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें निरभ्र आकाश, कोजागिरीचें चांदणें व कापणीस आलेलीं शेतें उभीं राहतात. पानगळ आपल्याकडे येते ती शिशिरांत, माघ-फाल्गुनांत. आणि तीही बहुतांशीं थंडीमुळें नव्हे, तर जमिनींतील ओलावा आटत चालल्यामुळें. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांतील ज्या सहा राज्यांस मिळून न्यू इंग्लंड म्हणतात, तेथें मात्र आश्विनाच्या सुमारासच अरण्यें आपला हिरवा पोशाख उतरूं लागतात, आणि पानें गळण्यापूर्वीं थोडे दिवस पिवळ्या, नारिंगी व तांबड्या रंगांनीं पेटल्यासारखीं दिसतात. मुलेंबाळें तिकडे स्थायिक झाल्यामुळें महाराष्ट्रांतील पुष्कळ आईवडील हल्लीं त्या देशीं जातात. मोटारीनें हिंडत ही शोभा पाहण्याचा व तिचीं छायाचित्रें घेण्याचा बेत कसा आंखावा, ह्याचा विचार त्यांच्यासाठीं येथें करूं.

प्रथम ह्या रंगांचें कारण समजून घेणें हिताचें. कारण सारा हिशेब त्यावरच अवलंबून आहे. पानांतील हिरवें द्रव्य उन्हाळाभर झिजत असतें व झाड तें पुन्हां भरून काढीत असतें. दिवस लहान होऊं लागले म्हणजे हें भरून काढणें थांबतें, आणि आधींपासून झांकून राहिलेला पिवळा व नारिंगी रंग उघडा पडतो. तांबडा रंग मात्र बहुधा त्या वेळीं नव्यानें तयार होतो. दिवसां स्वच्छ ऊन व रात्रीं गारठा, पण गोठविणारा नव्हे, असें हवामान असलें म्हणजे पानांत सांठलेल्या साखरेच्या साह्यानें तो चांगला खुलतो. म्हणूनच एखाद्या वर्षीं डोंगर शेंदरी होतात, तर एखाद्या वर्षीं नुसते पिवळसर राहतात. ह्या लहरीशीं आगगाडीच्या वेळापत्रकाप्रमाणें करार करतां येत नाहीं.

तथापि एक नियम सहसा चुकत नाहीं. रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे व डोंगरमाथ्यावरून दरीकडे उतरत येतो. व्हर्मांट व न्यू हँपशायर ह्यांच्या उत्तर भागांत सप्टेंबरच्या अखेरीपासून, मध्यभागांत ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यांत, आणि दक्षिणेस कनेक्टिकटकडे त्या महिन्याच्या उत्तरार्धांत सामान्यतः ऐन बहर असतो. यास्तव एकाच गांवीं ठाण मांडण्याऐवजीं घाट चढून उतरणारा व उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता धरावा. वर रंग सरला असेल तर खालीं सांपडेल; खालीं हिरवें असेल तर वर सांपडेल. व्हर्मांटचें पर्यटन खातें ह्या दिवसांत रंगाची वर्दी नियमितपणें प्रसिद्ध करतें. ती पाहून पुढचा मुक्काम ठरवावा.

पांच दिवसांची सवड असल्यास बोस्टनहून निघावें. सुमारें सव्वादोन तासांत न्यू हँपशायरमधील लिंकन गांव येतें. तेथून कॉन्वेपर्यंतचा कँकामॅगस मार्ग साडेचौतीस मैलांचा असून वाटेंत तो २,८५५ फूट उंचीची खिंड ओलांडतो. ह्या मार्गावर पेट्रोलचा पंप नाहीं व मोबाइलची रेंजही फारशी मिळत नाहीं. म्हणून टाकी भरून, नकाशा आधींच उतरवून घेऊन व फराळाचा डबा बरोबर ठेवून सकाळींच निघावें. पुढें व्हर्मांटमध्यें स्टो येथें जाऊन शंभर क्रमांकाच्या रस्त्यानें दक्षिणेकडे वळावें. हा रस्ता ग्रीन मौंटन पर्वताच्या कडेनें दोनशें मैलांहून अधिक जातो. १९६८ च्या कायद्यानें ह्या राज्यांत रस्त्याकडेच्या जाहिरातींच्या फलकांस बंदी झाली, त्यामुळें डोळ्यांस व कॅमेऱ्यास सारखेंच सुख होतें. वडील मंडळी बरोबर असल्यास दिवसाला शंभर मैल पुष्कळ झाले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारीं सुट्टी असल्यानें त्या आठवड्याच्या अखेरीस फार गर्दी उसळते, ती टाळावी. महिन्याच्या मध्यास सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि अंधारांत मूस नांवाचा प्रचंड हरणवर्गीय प्राणी रस्त्यावर येण्याचा धोका असतो. तेव्हां दिवेलागणीस मुक्काम गांठावा.

चित्रें सकाळच्या तिरप्या उन्हांत चांगलीं येतात. आभाळ भरून आलें म्हणून हिरमुसून बसूं नये. ढगाळ प्रकाशांत रंग उलट अधिक गडद उमटतात. ओल्या पानांची चकाकी नडल्यास भिंगापुढें पोलरायझर कांच बसवून फिरवावी. भडक तांबडा रंग कॅमेऱ्यांत लवकर फुटतो व पानांच्या शिरा नाहींशा होतात, म्हणून प्रकाश किंचित् कमी घ्यावा. शिवाय नुसत्या तांबड्यानें चित्र भरत नाहीं. शेजारीं स्प्रूसची काळसर हिरवाई किंवा बर्चचें पांढरें खोड असलें म्हणजे मेपलचा लाल रंग खरा खुलतो.

ह्या छंदाची दुसरी बाजूही ध्यानांत ठेविली पाहिजे. व्हर्मांटमधील पॉम्फ्रेट ह्या लहानशा गांवांत एक खाजगी शेतघर छायाचित्रांमुळें इतकें प्रसिद्धीस आलें कीं तेथील अरुंद रस्त्यावर मोटारींची दाटी होऊं लागली. कांहीं लोक तर मनाई असतांही खाजगी आवारांत शिरले. अखेर २०२३ सालीं २३ सप्टेंबरपासून १५ ऑक्टोबरपर्यंत गांवानें तो रस्ता बाहेरच्यांस बंद केला. आपल्या अंगणांत तुळशीवृंदावनापाशीं अनोळखी माणसें कॅमेरे रोखून उभीं राहिलीं तर आपणांस काय वाटेल, हा प्रश्न प्रत्येकानें मनाशीं विचारावा. मोटार नेमून दिलेल्या थांब्यावरच उभी करावी व कुंपण ओलांडूं नये. शिवाय, हजारोंनीं टिपलेल्या एकाच चौकटीमागें धांवण्याची गरजच काय? ऋतूची चाल ज्यास कळली, त्यास कोणत्याही आडवाटेवर मेपलची एखादी रांग भेटतेच, आणि तेथें गर्दीही नसते.

परत आल्यावर शेंकडों चित्रांतून दहाच निवडावीं. प्रत्येकाखालीं गांव, तारीख व झाडाचें नांव लिहावें. पुढील वर्षीं आप्तेष्टांपैकीं कोणी तिकडे निघेल, तेव्हां ती नोंद त्यास वाटाड्याचें काम करील.